नववी की दहावी

क्वांतानच्या मैदानावर पाणी सोडणारा मी, कतिरेसन.
सहा तोफा आहेत माझ्या हाताखाली, तोंडं आत वळवलेली.
सामन्याआधी सात मिनिटं, मध्यंतरात दोन.
निळं प्लास्टिक भिजलं नाही तर चेंडू अडखळतो,
पोरांचे गुडघे सोलतात.
माझं हॉकीचं ज्ञान इथेच संपतं.
गोल झाला की नाही
ते मी ओरडण्यावरून ओळखतो.

आज ओरडायला कुणी नव्हतं.
सकाळचे आठ. आशियातल्या पोरांमध्ये
नववं कोण आणि दहावं कोण, एवढाच निकाल लागायचा होता.
अंतिम सामना रात्री, त्याची तिकिटं कालच संपली.
स्टँडमध्ये अकरा माणसं, त्यातली चार झाडूवाली,
आणि मागच्या कंपाँगातून आलेला एक कोंबडा.

त्याआधी, साडेसहाला, तो पंपघराच्या दारात उभा राहिला.
उझबेकांचा गोलरक्षक. पायांना पॅड आत्ताच चढवलेले,
चालताना वाटायचं, खुर्चीच उठून निघाली आहे.
नाव जालगास. छातीवर बोट ठेवून म्हणाला, उझबेक नाही, काराकालपाक.
पण फोनला ती भाषा येत नव्हती,
म्हणून तो फोनशी उझबेक बोलला
आणि फोन माझ्याशी मलय,
बँकेतल्या बाईच्या आवाजात:
"एका वेळेला किती पाणी?"

मी मीटर दाखवला. बारा हजार लिटर.
त्याने आकडा दोनदा वाचला. मग म्हणाला,
म्हणजे बाई म्हणाली,
"आमच्या गावचा समुद्र फिरायला गेला आहे."

मी हसलो. विचारलं, परत कधी येणार?
बाईने ते त्याला जसंच्या तसं विचारलं असावं.
तोही हसला. जरा उशिरा.
मग फोटो दाखवला: अंगण, वाळू,
दोन खांबांवर आडवं टाकलेलं एक लांबलचक वल्हं,
त्यावर गाद्या वाळत घातलेल्या.
आजोबांचं, असं बहुतेक म्हणाला. बाई तेवढ्यात गप्प झाली,
चार्ज संपला होता.

मी सहाही तोफा सोडल्या.
त्याने हातमोजा काढला आणि तळहात पुढे केला,
एखाद्या अनोळखी कुत्र्याला हुंगायला देतात तसा.

चौथ्या सत्रापर्यंत दोन-दोन. हे मात्र मी पाहिलं,
खिडकीची जाळी बाजूला सारून.
तैपेईच्या पोरांना पेनल्टी कॉर्नर मिळाला.
चार बचावपटूंनी घाईघाईने तोंडावर मुखवटे चढवले,
जालगास गोलरेषेवर वाकला.
त्यांच्याकडे वाळूवरचं मैदान, कोरडं.
तिथे चेंडू येतो तो सांगून येतो.
माझ्या पाण्यावरून आला तो घसरत, वेळेआधी,
दोन पॅडच्या मधून.

पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
ही टिकली. फळीच्या आवाजानंतरही
पांढरी, सरळ, फटकाऱ्यापासून गोलापर्यंत,
आणि तो चेंडूकडे न बघता तिच्याकडे बघत राहिला
ती निळ्यात विरेपर्यंत.

तीन-दोन. हात मिळवले. कोंबडा निघून गेला.
पुढचा सामना अकराला,
तोवर पाणी सोडायचं नाही असा नियम आहे,
भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला.

मी चार नंबरची तोफ सोडली. त्याच्या गोलामागची.
त्याने शिरस्त्राण उतरवलं आणि कमानीखाली जाऊन उभा राहिला.
वर बघेना, हसेना, रडतही नव्हता बहुधा,
ओल्या तोंडावर काय कळणार.
मग त्याचा डावा बचावपटू आला. मग तैपेईचा एक,
ज्याने गोल मारला होता तोच,
स्टिक छत्रीसारखी डोक्यावर धरून.

दुपारी रोस्लान साहेबांनी वही मागितली.
नऊ वाजून वीस मिनिटं, चारशे लिटर. शेरा काय?
मी लिहिलं: फिरायला गेलं.
मग खोडलं, आणि त्यावर लिहिलं: वारा.